दादाचा भांग

डॉक्टरांनी विचारलं, “हा डाग कधीपासून आहे?” दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. “याला विचारा. पंचवीस वर्षं माझे केस हाच कापतोय.”

वर्ष-दीड वर्ष असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो. खरं तर चार वर्षं झाली होती. आधी नुसता काळा तीळ होता, मग कडेने निळसर पसरला. दोनदा कंगवा लागून रक्त आलं, मी तुरटी फिरवली. सलूनमध्ये गिऱ्हाइकाचं व्यंग बोलून दाखवायचं नाही, ही माझी शिस्त. तिचा मला कोण अभिमान! मी दादाचा भांग डावीकडून उजवीकडे नेला आणि डाग असा झाकला, की वहिनीलासुद्धा पत्ता लागला नाही. आरशात बघून दादा खूश झाला होता.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. त्वचेच्या या कॅन्सरमध्ये डोक्यावरचा जास्त वाईट. केसांत लपतो, उशिरा सापडतो. वेळेत काढला तर बहुतेक लोक वाचतात, असंही म्हणाले. मी फरशीकडे बघत होतो.

टाळूचा तुकडा काढला, तिथे मांडीची कातडी लावली, मानेतल्या गाठी काढल्या. तरी पुढे फुफ्फुसांत निघालाच. इंजेक्शनांनी निम्म्या लोकांना काही वर्षं मिळतात म्हणे. आमचा दादा नेमका दुसऱ्या निम्म्यात निघाला. शेवटी घरी न्यायला सांगितलं.

एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली होती. मी दादाची दाढी करत होतो. राहवलं नाही, चार वर्षांचं सगळं सांगून टाकलं.

दादा म्हणाला, “हाताला लागायचं रे मलाही. वाटायचं, काही वाईट असतं तर तू बोलला असतास.”

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वस्तरा खाली ठेवला.

“अर्धी राहिलीय, पुरी कर,” दादा म्हणाला. “आणि हिला सांगू नकोस. मी गेल्यावर तिला तुझ्याशिवाय कोण आहे?”

नऊ दिवसांनी तो गेला. येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगत होती, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मी पाण्याचे पेले भरत राहिलो.