मीठपाण्याच्या पिंजऱ्यातला धोंडू

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो, पण मिरवण्यासारखं त्यात काही नाही. वाघ सोडा, माझ्यात साधा पोपटसुद्धा कधी राहिला नाही. खाली प्लास्टिकचा टब आणि वर जाळीचं झाकण, एवढाच माझा देह. नरडाण्याच्या कारखान्यात माझ्याबरोबर जन्मलेल्या बादल्या वरण-बट्टीच्या पंगतीत वाढायला गेल्या. मी देवपूरच्या एका कॉलेजात पांढरे उंदीर सांभाळायला आलो.

तिथे उखर्डूनाना होते. उंदरांच्या अंगाखालचा कोंडा बदलायचा, बाटलीत पाणी भरायचं, मला घासायचं, ही त्यांची कामं. आपलं नाव उखर्डू का, हे ते प्रत्येक नव्या उंदराला सांगत. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून आईने यांना जन्मताच उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि आईने मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. असं टाकलेलं पोर मरणाच्या नजरेत भरत नाही म्हणतात. "मरन घरमा उनं, तवय मी उकिर्डावर व्हतू," नाना सांगत. म्हणजे मरण घरी आलं तेव्हा ते घरात नव्हतेच. उंदीर ऐकून घेत.

यंदा दिपमालाताईंनी प्रबंधासाठी बारा उंदीर घेतले. रक्तातलं एक प्रथिन आधी टोचलं, तर किरणांच्या माऱ्यातून जीव वाचतो का, हे त्यांना पाहायचं होतं. शेजारच्या पिंजऱ्यातल्या सहांना प्रथिन. माझ्यातल्या सहांना नुसतं मीठपाणी. मग सगळ्यांना सारखीच किरणं द्यायची आणि तीस दिवस मोजत राहायचं. रंगाच्या खुणाही दोन्हीकडे सारख्याच होत्या: एकाचं डोकं पिवळं, एकाची पाठ, एकाची शेपटी, असं.

नानांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, दवाखान्यात गाठीवर किरणांचा शेक घेतला होता. गाठ विरघळली, पण रक्त इतकं उतरलं की पाठोपाठ त्याही गेल्या. त्यामुळे याचं औषध कधी होणार, असं नाना दर सोमवारी विचारत.

"अजून लांब आहे, नाना," ताई म्हणत. "आधी आकडा खरा यायला हवा."

किरणं लागली की हाडांच्या आत नवं रक्त तयार व्हायचं थांबतं. दुसऱ्या आठवड्यात माझ्यातले पाच गेले. उरला पिवळ्या डोक्याचा. नानांनी त्याचं नाव धोंडू ठेवलं होतं. दगडाला कोण कशाला नेईल? पण धोंडूही केस पिंजारून कोपऱ्यात बसला.

दुपारी ताई जेवायला गेल्या. नानांनी धोंडूला कोंड्याच्या कचऱ्यावर ठेवलं, लगेच उचललं आणि प्रथिनाच्या पिंजऱ्यात सोडलं. तिथला पिवळ्या डोक्याचा माझ्यात आणला. खिशातून ज्वारी काढून चार दाणे शेजारी टाकले, म्हणजे व्यवहार रीतसर झाला. मी सगळं पाहिलं. पण मला तोंड आहे ते वर, आणि त्याला झाकण आहे.

मरणाला पत्ता सापडायचा तो सापडलाच. तिसऱ्या दिवशी धोंडू शेजारच्या पिंजऱ्यातच मेला.

तिसाव्या दिवशी ताईंनी वहीत लिहिलं: प्रथिन, पाच वाचले, मीठपाणी, एक. मग पेन दातांत धरून म्हणाल्या, "प्रथिन दिलेलाही एक मेला, नाना. सगळ्यांना लागू पडत नाही, असंच लिहावं लागेल."

नाना हातातली बाटली भरत राहिले. बाटली भरून पाणी सांडायला लागलं तरी भरत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "तो तठला नव्हता. तो मन्हा धोंडू व्हता."

मग सगळं सांगितलं, ज्वारीच्या दाण्यांसकट. ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर नानांना बरं वाटलं असतं. त्यांनी त्या पानावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "पुन्हा करावं लागेल. नवे बारा."

"बारा?" नाना म्हणाले.

ते एकालाच वाचवायला गेले होते.

परवा ते बारा आले. नानांनी मला घासलं, कोरडा कोंडा पसरला, सहा जणांना आत सोडलं. नाव कोणाचंच ठेवलं नाही.

मित्रांनो, माया जरूर करा. पण शेजारी कोणी मोजत बसलं असेल, तर त्याला सांगून करा. आणि एखाद्या मुक्या जीवाकडून शिकलात, तर तो कोणत्या पिंजऱ्यातला होता तेवढं लक्षात ठेवा.

नवा पिवळ्या डोक्याचा जाळीला नाक लावून उभा आहे. नानांच्या नावाची गोष्ट त्याला अजून कोणी सांगितलेली नाही.