फळ्यांची कूस

माझी मावशी रद्दीच्या भिंती बनवते! वर्गात सांगितलं की मुली खिदळतात, "एक काडी ओढली की भिंत खलास!" त्यांना म्हणावं, शेडमध्ये या एकदा. जुने पेपर भिजवायचे, दळून लगदा करायचा, त्यात माती आणि टाकणखार कालवायचा, साच्यात दाबायचा आणि तयार फळी ओट्यावर वाळत टाकायची. टाकणखारामुळे जाळ लागला तर ती काळी पडते, पण पेट घेत नाही.

निदान आमचा तसा समज होता.

पाळणाघराच्या बाईंना स्वयंपाकघर आणि मुलांची झोपायची खोली यांच्यामध्ये भिंत हवी होती. मावशीला आलेली ही पहिलीच खरीखुरी मागणी. "ही हातची गेली, तर शेडला कुलूप लावेन," असं ती काकांना म्हणाली होती.

बाई आल्या. काकांनी फळीवर जाळ फेकणारी गॅसची बत्ती धरली. फळी नुसती काळवंडली. मी टाळ्याच पिटल्या!

"आता दुसऱ्या बाजूनं," बाई म्हणाल्या.

काकांनी फळी उलटी केली आणि भप्पकन जाळ! त्यांनी घाईघाईनं बादली ओतली.

"झालं, मुसळ केरात," ते पुटपुटले.

मी ओट्यावर वाळणाऱ्या फळ्यांकडे पाहिलं. वर पांढुरकी पूड फुलली होती, ओल आलेल्या भिंतीवर फुलते तशी. एक फळी पालथी केली. खाली पुडीचा कणही नव्हता.

"मावशी, खार वर पळतोय!" मी ओरडलेच. "पाणी वरूनच उडतं ना? जाताना खारालाही सोबत नेतं. खालची बाजू उघडी पडते बिचारी!"

"अगं ढालगजबाई, मोठ्यांना बोलू दे जरा," काका म्हणाले.

"थांबा हो तुम्ही," मावशी म्हणाली. "पुन्हा सांग बाळा. सावकाश."

मला आजवर सगळ्यांनी "पुरे आता" म्हटलंय. "पुन्हा सांग" म्हणणारी मावशी पहिलीच. मी सांगितलं, थेट बाईंच्या डोळ्यांत बघून.

बाईंनी दोन्ही बाजू बोटानं चाचपल्या. "माझी लेकरं या भिंतीला टेकून झोपणार. अंदाजपंचे चालणार नाही. नव्या फळ्या करा, मी परत येते."

सरळ नाही म्हणून निघून गेल्या असत्या तर? पण नाही गेल्या. देव त्यांचं भलं करो!

मग ओटा बाद. फळ्या जाळीवर, दोन्हीकडून वारा. शाळेत जाण्याआधी मी त्यांची कूस बदलायचे, दुपारी काका. "एवढी बडदास्त आमच्या लग्नात माझीही नव्हती," ते कुरकुरायचे, पण एकही पाळी चुकवायचे नाहीत.

बाई परत आल्या. एका बाजूनं बत्ती. फळी काळी. दुसऱ्या बाजूनंही काळी, फक्त काळी!

"बत्ती तशीच राहू द्या," बाई म्हणाल्या आणि फळीच्या मागच्या अंगाला त्यांनी चक्क तळहात टेकवला. हात काही हलेना.

"कोमट आहे," त्या हसल्या. "भिंत कधी उभी करताय?"

मावशीनं उत्तर द्यायचं सोडून मला असं कवटाळलं, की माझा गणवेश लगद्यानं बरबटला.

"ऐकून घेतलंस म्हणून थँक्यू, मावशी."

"वेडे, ते मी म्हणायचं!"

"तुम्हा दोघींचं झालं असेल," काका म्हणाले, "तर ही बत्ती बंद करू का?"