भिंतीआधीचं अपील

शनिवार पेठेत सुरय्याखालांच्या बेकरीच्या दारासमोरच शेजाऱ्याने भिंत चढवायला घेतली. दिवाणी न्यायालयाने दाव्याचा निकाल लागेपर्यंत काम थांबवायला नकार दिला, तेव्हा त्यांची वकील मिसबा जिल्हा न्यायालयात गेली.

शेजाऱ्याचे वकील म्हणाले, "दावा चालूच आहे. निकालाआधी अपील कशाला?"

मिसबाला याच प्रश्नाची अपेक्षा होती. ती शांतपणे म्हणाली, "प्रत्येक अंतरिम आदेशावर अपील होत नाही, मान्य. पण मनाई हुकूम नाकारला, तर कायदाच ती मुभा देतो. निकालापर्यंत थांबलो, तर वाचवायला दारच उरणार नाही."

न्यायाधीशांनी अपील दाखल करून घेतलं आणि त्याच दुपारी बांधकाम थांबवलं.

बाहेर खालांनी विचारलं, "जिंकलो का गं?"

"दावा बाकी आहे, खाला. तुम्ही उद्या बिनधास्त भट्टी पेटवा."