पदरावरची लोकर

निघायच्या आधी दादाने आईला अंगणात उभं केलं आणि तिच्या पदरावरचे, खांद्यावरचे लोकरीचे धागे एकेक करून वेचून काढले. सगळा जन्म मेंढरांत गेलेल्या बाईच्या अंगावर लोकर नसेल तर काय मोती असतील? पण मी काही बोलले नाही. त्या दिवशी तोंड उघडायला मी फार उशीर केला, ते आधीच कबूल करून टाकते.

मी धनश्री. अंबाजोगाईला एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करते. बीडच्या सत्यमचं स्थळ माझ्या भावाने, अंगददादाने आणलं. आमच्याच समाजातलं, पण दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं सोडून जमीनजुमला केलेलं घर. सत्यमचे वडील बद्रीनाथराव पंचायत समितीचे माजी सदस्य. दादाने त्यांना सांगितलं, आमची शेती आहे आणि बापू, म्हणजे आमचे वडील, गावकऱ्यांबरोबर अष्टविनायकाला गेलेत. शेती आहे, दोन एकर. आणि बापूंना दादानेच दीडशे मेंढरांसकट घाटाकडे पिटाळलं होतं. "पाव्हणं येऊन जाईपर्यंत गावात, नांदूरघाटात दिसू नका. साखरपुड्याला पांढरा ड्रेस घालून या," असं सांगून. बापू नुसते हसले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि चालू लागले. मला सत्यम आवडला होता, म्हणून मीही गप्प बसले.

आदल्या संध्याकाळी बद्रीनाथरावांचा फोन आला. नुसते चहापोहे काय करायचे, दोन्ही घरं मिळून सहलच करू. आधी धारूरचा किल्ला, मग अंबाजोगाईला जोगाईचं दर्शन. दादा "हो, हो" म्हणाला आणि फोन ठेवून त्याने कपाळाला हात लावला. बापू गेले होते ते धारूरच्याच घाटात. त्यांचा फोन बंद. डोंगरात चार्जिंग कुठे मिळणार?

"डोंगर काय कमी हाय का? न्हाई पडत गाठ," दादा म्हणाला. आम्ही तेच खरं मानलं.

बद्रीनाथरावांची मोठी गाडी होती. तिच्यात आम्ही तिघं आणि त्यांच्याकडचे तिघं, म्हणजे सत्यम आणि त्याचे आईवडील. किल्ल्यावर दिवाळीनंतरचं कोवळं ऊन होतं. सत्यम माझ्याबरोबर बुरुजापर्यंत चढून आला. माझ्या कामाबद्दल नीट विचारत होता, उगाच मिरवत नव्हता. मागून आई आली, तिने खाली उताराकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गवत लई चांगलं राह्यलंय हिकडं." दादाने डोळे वटारले. आईने पुढचं वाक्य गिळलं.

परत गाडीकडे येताना मेंढरं दिसली. काळी, करडी, किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या सगळ्या उतारावर पसरलेली, आणि त्यांच्यामागे लाल पागोटं. बापूंनीही आम्हाला पाहिलं. ते थबकले, मग तोंड फिरवून घाईघाईने मेंढरं पलीकडे वळवायला लागले.

पण बुचकीला कोण सांगणार? कान एवढेसेच म्हणून त्या मेंढीचं नाव बुचकी. तिची आई मेली तेव्हा ती दोन दिवसांची होती. माझ्या आईने तिला बाटलीने शेळीचं दूध पाजून, चुलीपाशी निजवून जगवली. ती कळपातून सुटली ती बद्रीनाथरावांच्या पायांजवळून सरळ आईकडे आली आणि तिने आईच्या पदरात डोकं खुपसलं.

आईचा हात तिच्या मानेकडे गेला. अर्ध्यावरच थांबला. आईने दादाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"अगबाई, लईच माणसाळलेली दिसती!" सत्यमची आई हसून म्हणाली.

बापू धावत आले. काठीने बुचकीला बाजूला सारत माझ्या आईला, स्वतःच्या बायकोला म्हणाले, "माफ करा बाई. मुकं जनावर हाय." मग बद्रीनाथरावांकडे वळून त्यांनी हात जोडले. "राम राम पाव्हणं. कोण्या गावचं म्हनायचं?"

बद्रीनाथरावांच्या आधी दादाच बोलला. "आम्ही नांदूरघाटचे. देवदर्शनाला निघालोत."

"बरं, बरं. देव भलं करील पोरीचं," बापू म्हणाले. कुठली पोर ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

माझं डोकं सणकलं. ज्या माणसाने मेंढरं विकून माझी फी भरली, तो माझ्यासमोर हात जोडून परका होत होता, आणि तो ते माझ्याचसाठी करत होता. लाज वाटली. त्यांची नाही, माझी. अंबाजोगाईत शिकलेली भाषा कुठल्या कुठे पळाली.

"बापू!" मी ओरडले. "कावून हात जोडता? काका, हे माझे वडील. सटवा त्यांचं नाव. ते अष्टविनायकाला बिष्टविनायकाला गेले न्हाईत. ही मेंढरं आमची हायेत."

मग मी टाळूला जीभ लावून लांब हाक दिली, लहानपणी बापूंनी शिकवलेली. उतारावरची सगळी मुंडकी वर झाली आणि दीडशेच्या दीडशे मेंढरं आमच्याकडे धावत आली. सत्यमच्या आईने साडी गुडघ्यापर्यंत उचलली. सत्यम गाडीच्या टपावर चढायचाच काय तो राहिला.

बद्रीनाथराव मात्र जागचे हलले नाहीत. "आमचे आजोबा बी मेंढरंच राखायचे," ते म्हणाले. "त्याचं काय न्हाई. पण लपवलं कावून?"

"चूक झाली," मी म्हणाले. "आमची सगळ्यांची."

त्यांनी बापूंना पायापासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं. "बरं, असं करा. लग्नाआधी हे सगळं विकून टाका. चार लोकांत आमाला बी तोंड दाखवायचंय. मग बघू पुढचं."

दादाचा चेहरा खुलला. तो "हो" म्हणणार, इतक्यात मीच विचारलं, "आणि बापूंना? त्यांना बी विकायचं का लग्नाआधी?"

मी सत्यमकडे पाहिलं. एक शब्द, नुसता एक शब्द तो बोलला असता तर मी थांबले असते. तो बुटाला लागलेल्या लेंड्या दगडावर घासत होता. मान वर न करता म्हणाला, "पप्पा म्हणतात ते प्रॅक्टिकल आहे."

"मग तुम्ही निघा," मी म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

गाडी गेली. दादा दगडावर डोकं धरून बसला. बापू माझ्यावरच चिडले. "काय केलंस गं हे? मी निभावून नेलं आसतं की."

"तुमी न्हेलं आसतं. मला न्हेता आलं नसतं."

आई खाली बसली, बुचकीला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ तशीच राहिली. उठली तेव्हा डोळे ओले होते. "जोगाईला जायचं ठरलंय ना? मग जायचं," ती म्हणाली. बापू मेंढरांपाशी थांबले, आम्ही तिघं धारूरहून एसटीने निघालो.

वाटभर दादा धुसफुसत होता. "चांगलं जमलेलं लग्न मोडलंस."

"जोगाईचं बी मोडलंय की," मी म्हणाले. परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं देवीचं लग्न झालंच नाही, सगळं वऱ्हाड दगडाचं झालं, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. "तिचं काय आडलं? आता बघ तिच्या दारात केवढी रांग आसती ती."

रांग होतीच. आईच्या हातात ओटीचं सामान होतं. पुढे उभी असलेली, जरीचं लुगडं नेसलेली बाई मागे वळली आणि आईला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "बाई, पदराला काय लागलंय बघा. देवीपुढं जायचंय, झटकून घ्या."

करड्या लोकरीचा झुबकाच होता. दादाचा हात सवयीने पुढे आला.

आईने तो मनगटाला धरून खाली केला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मग त्या बाईला, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं, "लोकर हाय. आमची मेंढरं हायेत."

आणि तो पदर नीट डोक्यावर घेऊन ती पुढे सरकली.