गैरहजर मुलाचं शून्य

कॉलेजच्या प्रवेशाच्या खोलीची काच फोडून खुर्ची आत आली. मागोमाग दारातून वेल्डर आला. दार उघडंच होतं. पण रागावलेल्या बापाला नुसतं दारातून येणं कमीपणाचं वाटतं. मागे त्याची मुलगी आणि थोरला मुलगा.

"माझ्या पोरीच्या अठ्ठ्याऐंशीचे एकोणऐंशी कोणी केले?" त्याची मूठ टेबलावर आदळली, चहा सांडला. प्रवेशाची यादी ब्याऐंशीला संपली होती.

प्रवेशप्रमुख बाई जागच्या हलल्या नाहीत. "मी केले. दादा, प्रत्येक शाळेचा हात वेगळा. कोणी मार्क उधळतं, कोणी चिमटीनं देतं. म्हणून त्या शाळेची आधीची मुलं इथे पहिल्या वर्षी कशी निघाली ते बघून आम्ही मार्क वर-खाली करतो. तुमच्या शाळेतून तिघंच आलेले. दोघं ठीक निघाले, शाळेच्या मार्कांपेक्षा जरा कमी. तिसऱ्याला सगळ्या विषयांत शून्य."

"कोण तो हरामखोर?"

बाईंना नाव घ्यावंच लागलं नाही. थोरला हळूच दाराकडे सरकत होता.

बापाने त्याला कॉलरला धरून लोखंडी कपाटावर आदळलं. ओठ फाटला. दुसऱ्या फटक्याला दात पडला. तिसऱ्याला शिपाई मध्ये पडला आणि त्याचा चष्मा फुटला.

"बहिणीच्या ताटात माती कालवलीस!"

"बाबा, सोडा त्याला!" मुलीने बापाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं, तेव्हा कुठे पकड सुटली.

थोरला लाल थुंकला. "परीक्षेच्या आठवड्यात मी कुठे होतो, सांगा ना बाईंना! मोठ्या गेटची ऑर्डर होती. 'पेपर काय पळून जातात?' म्हणालात. असंच कॉलरला धरून वर्कशॉपात नेलंत."

बापाचा उगारलेला हात तसाच राहिला.

"म्हणजे नापास नाही, गैरहजर?" बाईंनी विचारलं.

"एकही पेपर दिला नाही."

"मग ते शून्य शाळेचं नाही. जो बसलाच नाही, त्याच्यावरून शाळा कशी जोखणार? चूक आमची." बाईंनी कीबोर्डवरचा चहा पुसला आणि उरलेल्या दोघांवर हिशेब पुन्हा मांडला. पंच्याऐंशी.

मुलीने स्क्रीनवरचा आकडा दोनदा वाचला. बाप थोरल्याच्या तोंडाला रुमाल लावायला गेला. पोराने असं कोपर हाणलं की बापाच्याही नाकातून धार लागली. त्याने तोच रुमाल स्वतःच्या नाकाला लावला. हिशेब त्यालाही कळत होता.

"काच आणि चष्मा भरून द्या," बाई म्हणाल्या. मग मुलीला जागा करायला त्यांनी यादीतलं शेवटचं, ब्याऐंशीवाल्या मुलाचं नाव काढलं, टेबलावरचा दगडी पेपरवेट ड्रॉवरमध्ये टाकला आणि शिपायाला हाक मारली.

"बाहेरच्या खुर्च्या आत घ्या. ह्यालाही बाप असेलच."