बाई घोरत नाहीत

भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट तीन गोष्टी खऱ्या सांगत नाहीत: वजन, शेवटचा घास कधी खाल्ला ते, आणि घोरणं. वजनाला काटा आहे. घासाचं सिस्टर दरडावून काढून घेतात. घोरण्याला मात्र घरचा साक्षीदार लागतो, आणि तो नेमका फितूर असतो.

त्या सकाळी तपासणीला आल्या एक मुख्याध्यापिका. एकशे अठरा किलो, गर्भाशयात गाठी, महिन्यातले बारा दिवस रक्तस्राव, चेहरा पांढराफटक. तीन दिवसांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढायचं होतं. शेजारी मांडीवर फाइल घेऊन काडीपैलवान नवरा.

"घोरता का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"अजिबात नाही," नवऱ्याने री ओढली.

माझं डोकं फिरलं. मी स्वतः काही चवळीची शेंग नाही, त्यामुळे ही लाज मला तोंडपाठ आहे. पण या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, टेबल डोक्याच्या बाजूने खाली झुकवतात, सगळा भार छातीवर येतो. तेवढं मी सांभाळते. मला धास्ती असते ती नंतरची.

"बाई, झोपेत ज्याचा गळा मिटतो त्याचा भुलीच्या गुंगीत हमखास मिटतो. तेव्हा कुणाचं लक्ष नसेल तर जिवावर बेतेल. मला खरं सांगा."

"खरं सांगितलं की तुम्ही तारीख पुढे ढकलता. शेजारणीची ढकलली." बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझी सुट्टी संपेल. अजून एक वर्ष नाही सोसवणार मला हे."

बायको अडचणीत आलेली पाहून नवरा धावून आला. "डॉक्टर, खरंच घोरत नाही हो ती. उलट मधूनमधून इतकी शांत झोपते, श्वासाचासुद्धा आवाज नाही. मग मीच कोपराने ढोसतो, की परत सुरू."

माझं पेन थांबलं. वकिली करायला जाऊन बिचाऱ्याने अशिलालाच फासावर चढवलं होतं.

"रात्रीतून किती वेळा ढोसता?"

"दहा-बारा. कधी जास्त."

"कधीपासून?"

"धाकटी शाळेत जायला लागली तेव्हापासून."

"आता कितवीत आहे?"

"नोकरी करते."

बाई खुर्चीसकट त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे ते मुद्दाम होतं? मला वाटलं, तुम्हाला झोपेत हातपाय झाडायची खोड आहे. उशांची भिंत घातली होती मी मधे."

"वरून हात घालायचो," ते म्हणाले.

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी खेकसते. "तारीख तीच राहील. पण भूल माझ्या पद्धतीने, आणि यापुढे मला कुणी शांत झोपेचं कौतुक सांगायचं नाही."

ठरल्या दिवशी बाईंच्या खांद्यांखाली चादरींच्या घड्यांची उतरंड रचली, कान छातीच्या रेषेत येईपर्यंत. ऑपरेशन झाल्यावर घशातली श्वासाची नळी त्या पुरत्या जाग्या होऊन माझ्याकडे डोळे वटारेपर्यंत काढली नाही. गुंगी आणणारी वेदनाशामकं हात राखून दिली. मग त्यांना अर्धवट बसवलं, नाकातोंडावर हवेच्या दाबाचा मास्क लावला, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला आणि नवऱ्याला आत बोलावलं.

"श्वास अडला तर हे मशीन ओरडेल," मी म्हटलं. "तुम्ही घरी जा, झोप काढा."

त्यांनी मशीनकडे खालून वर पाहिलं. "याला कोपर कुठंय?"

आणि स्टूल ओढून कॉटला चिकटून बसले. मी वाद घातला नाही. असा माणूस पगारावर ठेवून मिळत नाही.

दुपारी फेरीला आले तेव्हा मशीन गप्प होतं आणि आकडे उत्तम होते. नवरा मात्र कॉटच्या कठड्यावर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून असा घोरत होता की शेजारच्या पेशंटने कानावर उशी घेतली होती. त्याला उठवायला सिस्टर पुढे झाल्या.

बाईंनी मास्क जरासा बाजूला केला. घसा बसलेला होता, तरी आवाज मुख्याध्यापिकेचाच.

"झोपू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "मी जागी आहे."