खणखणीत खानदान

जालन्याच्या कोविड वार्डात हसनाबादच्या कडूबाला खाट मिळाली ती नेमकी राधेश्यामच्या शेजारी. राधेश्याम पिंपळगाव रेणुकाईचा, कडूबाचा होणारा व्याही. कडूबाच्या लेकीची, दैवशालाची सुपारी फुटली अन् त्याच पंगतीत दोन्हीकडच्या लोकांनी करोना वाटून घेतला. मास्क कोणी लावला? कोणीच नाही. फोटोत तोंड दिसायला पाहिजे ना!

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काका, बीपी आहे? शुगर? हार्टचं काही?"

कडूबाच्या बंडीच्या खिशात बीपीच्या अन् शुगरच्या गोळ्या होत्या. पण सोयरिकीच्या बैठकीत त्यानं छाती ठोकून सांगितलं होतं, आमचं खानदान खणखणीत. अन् आता व्याही कान टवकारून पडलेला.

"काहीच न्हाई. दगड पचवतो मी."

"आन् आमच्यात आजारी पडायची पद्धतच न्हाई," राधेश्याम ऑक्सिजनच्या मास्कातून गुरगुरला.

दोघंही हे धापा टाकत सांगत होते.

व्याही झोपला की गोळी घेऊ, म्हणून कडूबा वाट बघत पडला. तर तो गडी झोपेचना! रात्रभर त्याच्या चादरीत कसलीतरी करकर चालू.

समोरच्या खाटेवरच्या बद्रीनाथनंही 'काहीच न्हाई' असंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्याचा भाऊ फोनवर रडत म्हणाला, "बीपी होतं, शुगर होती, अटॅकबी येऊन गेल्ता. पण गावात म्हणत होते, सांगितलं तर खाट देत न्हाईत." असलं ज्ञान वाटणारं गाव मयतीला मात्र फिरकलं नाही.

डॉक्टरीणबाई वार्डात येऊन कडाडली, "करोना एकटा मारत नाही. बीपी, शुगर, कमजोर हृदय त्याला हात देतात. आमच्या इंजेक्शननं शुगर आणखी वाढते. तुम्ही लपवलं, तर आम्ही इलाज कशावर करायचा?"

कडूबानं खिसा चाचपला. एका बाजूला लेकीचा मांडव, दुसऱ्या बाजूला स्वतःची तिरडी. त्यानं गोळ्या काढून पुढं धरल्या.

"बाई, खोटं बोललो. दोन्ही हाय मला."

"फसवलं!" राधेश्याम उठून बसला. "इवाई, हेच का तुमचं खणखणीत खानदान? सोयरीक मोडली!" एवढं बोलला अन् त्याला खोकल्याची उबळ आली. बोटाला लावलेलं मशीन पिकपिक करायला लागलं.

"काका, शांत व्हा. तुम्हाला खरंच काही नाही?"

"बिलकुल न्हाई!"

कडूबाचं डोकं फिरलं. रातच्याला व्याह्याच्या चादरीत ती करकर कसली चालली होती, ते त्याला आता बराबर कळलं. नळी सांभाळत तो खाली उतरला अन् व्याह्याची चादर खस्सकन ओढली. फरशीवर गोळ्यांची पाकिटं सांडली. बीपीची, शुगरची, वरून हृदयाची.

"बाई, आधी याचं बघा," कडूबा धापा टाकत म्हणाला. "सोयरीक मोडू द्या न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पण याला जित्ता ठेवा. मला याच्याशी भांडायचंय!"

राधेश्यामनं मान फिरवली अन् शुगर तपासायच्या सुईसाठी गपचूप बोट पुढं केलं.